सेल्फ जोरात आहे

माझा कान तयार आहे. हे मीच सांगतो, दुसरं कुणी सांगत नाही. पण सांगणारा एकटा आहे म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. हळदीला बेंजोवर कुठलं गाणं चाललंय हे मला अर्धं कडवं होईपर्यंत कळत नाही. पण गल्लीतून गेलेल्या रिक्षाचा सायलेन्सर कुठे फुटलाय, कुणाच्या स्कूटरची क्लचप्लेट दिवाळी बघणार नाही, हे मी ओटीवर बसल्या बसल्या सांगतो. कुणी विचारलेलं नसतं. विचारण्याची वाट बघत बसलं तर विद्या गंजते, आणि खाडीजवळच्या आमच्या जूचंद्र गावात आधीच सगळं गंजतं.

म्हणून गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी आमची ओम्नी सेल्फ मारूनही चालू होईना, तेव्हा घरात दोघंच शांत होते. एक मी, आणि दुसरा तो, ज्याला कारखान्यातून घरी आणायचं होतं.

गाडी चालू न होण्याचे दोन प्रकार असतात. एकात किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ होतं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मान टाकतात. यात लपवण्यासारखं काही नसतं. बॅटरी बसली, माणसाने कबूल करावं आणि रिक्षा बघावी. दुसऱ्या प्रकारात सेल्फ खणखणीत फिरतो, बॅटरी दमदार असते, चार घरं जागी होतात, आणि इंजिन काही केल्या पकडत नाही. पहिला प्रकार गरिबीचा आहे, दुसरा अपमानाचा.

मी काच खाली केली, डोळे मिटले आणि मुलाला म्हणालो, ‘मार सेल्फ.’

ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलेंडरचं. सेल्फ ते फिरवतो तेव्हा प्रत्येक पिस्टन हवा दाबताना जरा अडतो आणि आवाजात ठेका पडतो. तिन्ही ठेके एका वजनाचे पडले तर कॉम्प्रेशन ठीक. एखादा हलका पडला तर त्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह नाहीतर रिंग गेली समजा. आणि टायमिंग बेल्ट तुटला असेल तर ठेका उरतच नाही. सेल्फ मोकाट फिरतो आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आमचे ठेके समान पडत होते.

‘इंजिन शंभर टक्के,’ मी डोळे न उघडता जाहीर केलं.

‘मग चालू करा,’ ही दारातून म्हणाली.

संगीत कळणारा आणि संगीत न कळणारा यांच्या संसारात असे प्रसंग यायचेच.

तोवर गल्ली जमली होती. समोरच्या आत्याने पहिला प्रश्न टाकला, ‘पेट्रोल हाय का त्यान?’ हा प्रश्न जगातली प्रत्येक बंद गाडी बघून कुणीतरी विचारतंच, आणि माझी तक्रार अशी आहे की तो योग्य प्रश्न आहे. पेट्रोल होतं. दुसऱ्याने सांगितलं, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालतात, जुन्या गाडीचं रबर ते खातं. तिसऱ्याने डोंगराकडे बघून चंडिकामातेला नारळ बोल म्हणून सांगितलं. आणि मग जे व्हायचंच होतं ते झालं. कुणीतरी म्हणालं, ‘धक्का मारू.’

सेल्फ फिरतोय म्हणजे इंजिन फिरतंय. धक्का मारून आपण तेच इंजिन चाकांच्या बाजूने फिरवणार. जे काम बॅटरी बिनतक्रार करते आहे तेच भर पावसात दहा माणसांनी करायचं, यात शास्त्र नाही. हे मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मागे जाऊन हात लावले. गाडीला धक्का मारण्यात एक सामुदायिक आनंद आहे, तो शास्त्राला दिसत नाही. यात्रेला न आलेली माणसंही धक्क्याला येतात.

मी स्टीअरिंगला बसलो आणि धक्का मारणाऱ्यांना केटरिंगची गोष्ट सांगायला घेतली. चार्ल्स केटरिंग हा अमेरिकेतल्या डेटन गावचा माणूस. त्याच्या आधी मोटार चालू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडे. केटरिंगने विजेवर चालणारा सेल्फ केला. १९१२ च्या कॅडिलॅकला तो पहिल्यांदा लागला. पण गंमत त्याच्या आधीची आहे. बॅटरी, कॉईल आणि डिस्ट्रिब्यूटरवर चालणारी ठिणगीची व्यवस्थाही याच माणसाने १९१० च्या कॅडिलॅकला दिली होती. डेटनमधल्या त्याच्या कंपनीच्या आद्याक्षरांचं नाव डेल्को, आणि आपला मेकॅनिक अजून डिस्ट्रिब्यूटरला डेल्कोच म्हणतो. म्हणजे माझ्या गाडीत जो भाऊ काम करत होता तो आणि जो करत नव्हता तो, दोघं एकाच बापाचे. ही गोष्ट मी चांगली रंगवून सांगतो. पण मागून ‘जोर लगाके’ चाललेलं असताना बापाचा मुद्दा कुणापर्यंत पोचला असं वाटत नाही. गाडी वळणापर्यंत गेली आणि तशीच परत ढकलत आणावी लागली. जाताना दहा जण होते, येताना मी आणि मुलगा.

मग मी रीतसर तपासणीला बसलो. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की सगळा संसार समोर. उन्हाळ्यात बसणाऱ्याला तो खालून कळतोच. कॉईलची जाड वायर डेल्कोतून उपटली, तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरलं, सेल्फ मारायला लावला. निळी ठिणगी, आणि चट् चट् असा कोरडा आवाज. ‘करंट उत्तम,’ मी आवाजावरूनच सांगितलं. कार्बोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटर ओढला, तर पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली. एअर फिल्टर साफ. प्लग काढले, ते ओले, पेट्रोलचा वास मारणारे. हवा आहे, पेट्रोल आहे, ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे. पुस्तकाप्रमाणे ही गाडी चालू होती. फक्त गाडीने पुस्तक वाचलेलं नव्हतं.

अशा वेळी भंगारवाला येतो. तो दुरूनच सेल्फचा आवाज ओळखत असावा. त्याचाही कान तयार आहे. त्याने गाडीभोवती फेरी मारली, तळाच्या पत्र्याला बोट लावलं, बोट आत गेलं, आणि त्याने वजनाने भाव सांगितला. गाडीचं वय बघता त्याचा भाव बरोबर असेलही. ‘मारुती व्हॅन’ म्हणून १९८४ साली ही गाडी आली, १९८८ ला तिची ओम्नी झाली, २०१९ मध्ये कारखान्याने ती कायमची बंद केली, कारण टक्कर-चाचणीच्या नव्या नियमांत ती बसेना. बसणार कशी? टक्कर झाली तर सगळ्यात आधी पोचतात ते ड्रायव्हरचे गुडघे. हिंदी सिनेमाने तिची आणखी बदनामी केली. सरकता दरवाजा उघडायचा, नायिकेला आत ओढायचं, दरवाजा बंद. आमच्या ओम्नीचा दरवाजा एका खेचीत कधी सरकला नाही; त्यात नायिका तर सोडाच, तांदळाचं पोतंही पळवता आलं नसतं.

आमची १९९७ ची. नंबर एमएच ०४, म्हणजे ठाण्याचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, आम्ही सगळे पालघरचे झालो, गाडी ठाण्याचीच राहिली. २० वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क केंद्राने २०२५ मध्ये १०,००० रुपये केलं. तिला नवी सुरक्षा नंबरपाटीही बसवून घ्यावी लागली, आणि आज तिच्या अंगावर न गंजलेली तेवढी एकच वस्तू आहे. हा सगळा खर्च का करतो, असं मुलगा विचारतो. इलेक्ट्रिक घेऊ म्हणतो. तिला आवाज नसतो म्हणतो, आणि हे तो तिच्या कौतुकाने सांगतो.

बाबा मिठागरावर राबले. पाऊस उघडल्यावर बांध घालायचे, खाडीचं पाणी कोंड्यांत घ्यायचं, आणि पुढे उन्हाळाभर ते पांढरं रान ओढत राहायचं. पुढे त्यांची नजर उतरली. उन्हात मिठाकडे बघून बघून डोळे जातात असं आमच्याकडे म्हणत. डॉक्टर काय म्हणाला ते कुणी लक्षात ठेवलं नाही. शेवटच्या वर्षांत ते ओटीवर बसून असत. मी नायगाव स्टेशनवरून रात्री परतायचो. गाडी डोंगराखालच्या वळणावर आली की ते आत हाक देत, ‘आला. चा टाक.’ गल्लीत तेव्हा दुसऱ्याही ओम्न्या होत्या. त्यांच्यासाठी चहा कधी पडला नाही. बाबांचा कान मला आला असं मी लोकांना सांगतो, पण खरं सांगायचं तर ते गाडी ऐकत नसत. पोरगा धड घरी आला की नाही, तेवढंच ऐकत असत. ज्या रात्री पाणी भरून मी नायगावातच अडकलो, त्या रात्री ते जेवले नाहीत आणि का जेवले नाहीत हे कुणाला सांगितलंही नाही. सकाळी गाडी दारात आल्यावर म्हणाले, ‘एक प्लग मारत नाय तुझा.’ खरंच मारत नव्हता.

हे भंगारवाल्याला कसं सांगणार? त्याला मी म्हटलं, टायर नवीन आहेत.

तो गेला आणि हिने माझ्या पाठीमागे परस्पर फोन लावला. बापाण्याच्या रस्त्याकडे एक पोरगा गॅरेज चालवतो, त्याला. मी त्याला आजवर बोलावलं नव्हतं. एक तर त्याचं वय माझ्या गाडीपेक्षा कमी. दुसरं कारण म्हणजे तो रांगोळीवाला.

इथे मला थांबावं लागेल. गणपती कारखान्यात वाट बघताहेत, त्यांनी अजून थोडी बघावी; रांगोळीचा विषय निघाला आणि जूचंद्रचा माणूस दोन वाक्यांत उरकून पुढे गेला असं होत नाही. आमच्या गावात रांगोळी म्हणजे दारातली ठिपक्यांची नव्हे. ती बायका-पोरी काढतातच. ही रांगोळी म्हणजे जमिनीवर काढलेलं माणूस. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डोळ्यातलं पाणी, नाकातल्या नथीवरचा उजेड, सगळं भुकटीत. आधी चाळणीने पांढऱ्या रांगोळीचा थर द्यायचा. त्यावर रंगांचे थर. रंग कालवायचा नसतो, कारण ओलं काही नाहीच. शेजारी शेजारी दोन छटा इतक्या बारीक सोडायच्या की बघणाऱ्याचे डोळेच त्या मिसळतात. चुकलं तर खोडरबर नाही. अंगठा आणि दोन बोटं यांच्यामधून किती पडेल यावर त्या आजीचं वय ठरतं. चिमूट जड पडली की आजी गेली.

दिवाळीत प्रदर्शन भरतं तेव्हा हॉलमधले पंखे बंद. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, आत माणसांची रीघ, आणि पंख्याच्या बटणाजवळ जाणाऱ्याकडे कार्यकर्ते ज्या नजरेने बघतात ती नजर मी पोलिसांतही पाहिली नाही. शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची. खोकला असेल तर यायचंच नाही. लांबून आलेले पाहुणे हमखास विचारतात, ‘हे प्रिंट केलंय का हो?’ आणि काढणारा घामाने निथळत, न बोलता, कोपऱ्यातली चिमूटभर पूड उचलून त्यांच्या तळहातावर ठेवतो. आणि चार-आठ दिवसांनी हे सगळं झाडूने गोळा करायचं. डोळे, नथ, सुरकुत्या, सगळं एका सुपात. मी एकदा एका कलाकाराला विचारलं, वाईट नाही वाटत? तो म्हणाला, ‘नाय. पाठ दुखते.’

हे सगळं गावाला अभिमानाचं, मलाही. पण माझ्या मनात कायम एक खुपतं. हे गाव डोळ्यांचं आहे. इथे कानवाल्याला कुणी विचारत नाही. माझ्या विद्येचं प्रदर्शन कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये भरवणार? तरी मी एकदा कार्यकर्त्यांना सुचवून बघितलं होतं की रांगोळ्यांच्या शेजारी जुन्या इंजिनांचे आवाज ऐकवू. त्यांनी ‘बघू’ म्हटलं. ‘बघू’च म्हणाले.

तर तो पोरगा आला. दिवाळीआधी हा गॅरेजला कुलूप लावतो. ग्रीसचे हात रंगात चालत नाहीत म्हणून काही दिवस इंजिनाला शिवतच नाही, आणि गिऱ्हाइकं ते चालवून घेतात. दुसऱ्या कुठल्या गावात चालवून घेतील? मी त्याला ठेके ऐकवायला निघालो. ‘थांब, सेल्फ मारतो, ऐक.’

‘नको काका,’ तो म्हणाला. ‘सेल्फचा आवाज घरून ऐकला.’

त्याने सीट उचलली, डेल्कोच्या दोन क्लिपा सोडवल्या आणि कॅप काढून हातात घेतली. मोबाईलची बॅटरी लावली. आणि मग कॅप उजेडात अशी तिरकी करत राहिला की मला वाटलं आता हा तिच्यात नथ काढणार. बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, ‘काका, ही बघा रेघ.’

मी बघितलं. काळ्या कॅपच्या आत काळा रंग होता.

‘तिरकं बघा. दोन पॉइंटच्या मधे.’

चष्मा वर करून, खाली करून, शेवटी काढून बघितल्यावर ती दिसली. काळ्यावर काळी, केसाएवढी, एका वायरच्या खिळ्यापासून दुसऱ्याच्या खिळ्यापर्यंत गेलेली. कार्बनची रेघ. कॉईलपाशी ठिणगी फक्कड होती, कारण ती कॅपच्या अलीकडची होती. कॅपच्या आत शिरल्यावर ते हजारो व्होल्ट ज्या प्लगला जायचे त्याला न जाता या रेघेवरून शेजारी उतरत होते. त्यात रात्रभर पाऊस. आणि त्यात आमचं मीठ. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं. खाडीकडचा वारा ज्या ज्या वस्तूवर मिठाची पुसट पुटं चढवतो, ती पावसात ओली होते आणि ओली राहते. अशा ओलीवरून वीज सरकत राहिली, तिने हळूहळू प्लास्टिक जाळलं, आणि रेघ पडली. दुपारी ऊन पडलं की गाडी शहाण्यासारखी चालू होते आणि सकाळी अडते, याचा उलगडा आता झाला. प्लग ओले का होते याचाही. ज्या मिठाने घर चालवलं त्यानेच गाडी अडवली होती, आणि याबद्दल कुणाकडे तक्रार करावी ते मला कळेना.

‘आवाजावरून कळण्यासारखं नव्हतं,’ मी म्हणालो.

‘नाय ना,’ तो म्हणाला. समजूतदार पोरगा.

नवी कॅप त्या दिवशी मिळणं शक्य नव्हतं. त्याने ब्लेडने रेघ खरवडली, कॅप कोरड्या फडक्याने पुसली, मग हिने ती गॅसजवळ जरा शेकवली. (मोदकाच्या सारणाशेजारी डेल्को कॅप ठेवण्यावरून जे बोलणं झालं ते इथे देत नाही.) मग तो म्हणाला, नेलपॉलिश आणा. घरात शांतता. नेलपॉलिश मुलीचं होतं आणि ती मागणाऱ्याला कारण विचारते. खरवडलेल्या जागेत पुन्हा ओल शिरू नये म्हणून नेलपॉलिशचा थर देतात, ही गॅरेजमधली जुनी युक्ती आहे. मला माहीत होती, आठवली मात्र त्याने सांगितल्यावर. मुलीने गुलाबी चमकीची बाटली आणली. त्याने ती बघून परत दिली. ‘चमकी नको. करंटला तीच वाट सापडेल. साधी बिनरंगाची दे.’ मग त्या ब्रशच्या टोकाने, श्वास धरून, त्याने एक थर दिला. मी पंख्याचं बटण बंद केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

वाळल्यावर कॅप बसवली. सेल्फ मारला आणि दुसऱ्या ठेक्याला इंजिनने पकडलं. गल्लीतून ‘मोरया’ असा आवाज आला. आत्याने विचारलं, पेट्रोल नव्हता ना? मी हो म्हणून टाकलं.

पोरगा पैसे घेईना. ‘दिवाळीत प्रदर्शनाला या काका,’ म्हणाला. जाताना इंजिनकडे कान करून जरा थांबला आणि म्हणाला, ‘टॅपेट वाजतात.’ ते वाजतात हे मला गेल्या वर्षीपासून माहीत आहे. पण त्याच्याही कानाला ते कळलं, हे मला त्या क्षणी विशेष आवडलं नाही.

गणपती आले, बसले, गेले. नेलपॉलिशने पावसाळा काढला, पण पोरगा म्हणतो पुढच्या पावसाची हमी नाही. नवी कॅप दुकानात मागितली की दुकानदार कॉम्प्युटरमध्ये बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. तर वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्याकडे, नात्यात, ओळखीच्या गॅरेजच्या फळीवर १९९७ च्या सुमारच्या कार्बोरेटरवाल्या ओम्नीची डेल्को कॅप पडून असेल, तर ती भंगारात घालू नका. मध्ये एक आणि भोवती तीन अशा वायरींच्या जागा असतात. देण्याआधी आतून तिरकी धरून उजेडात बघा. रेघ नसेल तरच कळवा. पैसे रोख देईन, आणि तुमच्या गाडीचा आवाज फुकट ऐकून देईन.